लाल पेटीची पाठवणी

पाने-पक्कड ठेवायची पेटी निवडायला मला पाऊण वर्ष लागलं, आणि ती माझ्या घरी एक दिवससुद्धा नांदली नाही.

मी नगरला कॉलेजात भूगोल शिकवतो, पण मनानं मेकॅनिक आहे. घराशेजारी पत्र्याची शेड टाकलीय, तिला मी गॅरेज म्हणतो (आमची सौ. भंगार म्हणते). तिथं माझी जुनी जीप असते. दर रविवारी मी ती खोलतो आणि पुन्हा जोडतो. जोडल्यावर एखाददुसरा नट उरतोच, तो मी जपून ठेवतो. प्रश्न होता, कुठं ठेवायचा! पाने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, पक्कड चमच्यांच्या स्टँडला, ग्रीसचा डबा तुपाच्या डब्याला खेटून, अशी एकंदर व्यवस्था होती. एकदा चहाच्या चाळणीशेजारचा दहा नंबरचा पाना ट्रेमध्ये गेला. पाहुण्यांना वाटलं, साखर ढवळायला दिलाय. त्यांनी ढवळलीसुद्धा! पाहुणे गेल्यावर मला निर्वाणीचं सांगण्यात आलं.

“अहो, एक तर ह्या लोखंडाला घर बघा, नाहीतर मी माझ्यासाठी बघते.”

मी लोखंडाला घर बघायला लागलो.

बाजारातली एक पेटी बरी वाटली, पण पत्रा इतका पातळ की बोटानं दाबला तरी पोचा पडावा. दुसरीला चाकं होती, ब्रेक नव्हता. आमच्या शेडला उतार आहे, ती आपली आपण रस्त्यावर गेली असती. तिसरीचे ड्रॉवर निम्मेच बाहेर येत. मागचा पाना काढायचा तर म्हशीच्या डॉक्टरासारखा कोपरापर्यंत हात घालावा लागे! मोबाईलवर तर मी पेट्यांचे इतके व्हिडिओ पाहिले, की सौ. शेजारणीला म्हणाली, “ह्यांचं हल्ली घरात लक्षच नाही. तिकडं एक लाल आवडलीय त्यांना.” शेजारीण आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

शेवटी मनाशी ठरलं. सात ड्रॉवर, पूर्ण बाहेर येणारे, बॉल बेअरिंगवर सरकणारे. सगळ्यांना मिळून एक किल्ली. ब्रेकची चाकं. रंग लाल. असली पेटी तयार मिळेना, म्हणून बनवून घ्यायचं ठरवलं आणि मी रफिकभाईंकडे गेलो. रफिकभाई स्टीलची कपाटं बनवतात, लग्नात मुलीला देतात तसली. नाहीतरी त्यांच्याकडे जायचंच होतं. तिसगावला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या मोठ्या मुलीचं, शीतलचं लग्न ठरलं होतं, आणि कपाट मामाकडून होतं. म्हटलं, एका चकरेत दोन्ही कामं उरकू. (माझी हुशारी ही अशी ऐन वेळी उफाळून येते.)

रफिकभाईंनी कानावरची पेन्सिल काढली. “रंग?”

“लाल.”

“नवरीचं नाव?”

“रफिकभाई, नवरीचं ते कपाट. ही पेटी माझी आहे. पान्यांसाठी.”

“बरोबर. मग आरसा कुठं बसवू?”

“आरसा नको.”

“आरसा नको?” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “सर, आजवर बिनआरशाचा माल आपल्या शेडमधून गेला नाही. लोक नावं ठेवतील.”

“अहो, पाने काय तोंड बघणारेत का?”

“तुम्ही बघा ना! तोंडाला ग्रीस लागलेलं तुम्हाला कळतं का?”

पेटीच्या एका बाजूला आरसा बसला. वेलबुट्टी नको म्हणून मी फार भांडलो, तेव्हा कोपऱ्यात एका मोरावर तडजोड झाली.

पेटी तयार झाली आणि मी परीक्षा घ्यायला गेलो. रिकामा ड्रॉवर कुणाचाही गुळगुळीत चालतो. खरा कस भरल्यावर. म्हणून मी घरातलं झाडून सगळं लोखंड रफिकभाईंच्या शेडवर नेलं आणि सातही ड्रॉवर भरले. काय चालले म्हणून सांगू! एका बोटानं बाहेर, एका बोटानं आत. मी अर्धा तास नुसते उघडझाप करत बसलो. एक चाक मात्र तिरपं जात होतं.

“चाक बदलून देतो,” रफिकभाई म्हणाले. “सामान राहू द्या आतच. कुलूप लावा, किल्ली न्या. टेम्पो तुमचं कपाट घेऊन तिसगावला निघेल, तेव्हा जाताजाता पेटी घरी टाकेल.”

मी किल्ली खिशात टाकून नाचत घरी आलो. लग्नानंतर शीतलची पाठवणी माझ्या जीपमधून व्हायची होती, म्हणून बॅटरी काढून साफ केली (नट सैलच होता, हातानं निघाला). परत बसवताना लक्षात आलं, पाना नाही. सगळे रफिकभाईंकडे! मग नट हातानंच आवळला. चांगला दम लावून आवळला. दुसऱ्या दिवशी हळदीसाठी आम्ही घराला कुलूप लावून तिसगावला गेलो.

आता टेम्पोवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. घराला कुलूप, फोन करावा तर मी हळदीच्या डीजेपुढं. बिचाऱ्यानं काय करावं? तो पेटी घेऊन तसाच कार्यालयावर आला.

लग्नाच्या दिवशी मी नेहरू शर्ट घालून, फेटा बांधून शीतलला मंडपात घेऊन आलो. मामानं नवरीच्या मागं उभं राहायचं असतं, तसा राहिलो. मंगलाष्टकं सुरू झाली. सहज रुखवताकडे नजर गेली. कपाट दिसलं. आणि कपाटाशेजारी, डोक्यावर क्रोशाचा रुमाल, त्यावर साखरेचं तुळशीवृंदावन, कपाळी ठसठशीत हळदकुंकू, अशी माझी पेटी उभी होती!

“शुभमंगल सावधान!”

सावधान होऊन करतो काय? नवरीचा मामा जागचा हलू शकत नाही. अक्षता संपल्या तसा मी धावलो, वृंदावन उचललं, ब्रेक सोडला आणि पेटी हळूच दाराकडे ढकलायला लागलो.

“मामा, तिथंच थांबा!” फोटोवाला ओरडला. “एक हात पेटीवर. हसा की जरा!”

तो फोटो अल्बममध्ये आहे. माझ्या एका हातात तुळशीवृंदावन आहे आणि मी हसतोय असं म्हणतात.

तेवढ्यात माईक खणखणला. “नवरीचे मामा, प्राध्यापकसाहेब, यांच्याकडून एक कपाट, आणि एक...” माईकवाल्याला नाव सुचेना. त्यानं आरसा पाहिला, मोर पाहिला. “आणि एक चाकाचं ड्रेसिंग टेबल! टाळ्या!”

मी ताईला गाठलं. “ताई, ऐक जरा. ती पेटी ना...”

ताईनं डोळ्यांना पदर लावला. “बोलू नकोस काही. कपाट बोलला होतास, ते दिलंस, आणि वर न सांगता हे! सकाळपासून विहीणबाई सगळ्यांना दाखवतायत. माझी मान ताठ केलीस रे!”

आता सांगा, ह्यावर ‘ती माझी आहे, परत दे’ असं म्हणायला काळीज कशाचं पाहिजे? एकीकडे पाऊण वर्षाचा शोध, दुसरीकडे भर मांडवात बहिणीची मान. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मी वृंदावन पुन्हा पेटीवर ठेवलं.

पण तेवढ्यानं भागेना. पेटीत सगळं लोखंड होतं, आणि जामखेडच्या विहीणबाई चार बायका घेऊन समोर उभ्या राहिल्या.

“मामा, किल्ली द्या की. आत काय हाय ते बघू तर द्या.”

“घरी गेल्यावर बघा ना निवांत.”

“ते का? लई सोनंबिनं घातलंय का काय?”

सौ.नं माझ्याकडे असं पाहिलं, की किल्ली आपोआप बाहेर आली. विहीणबाईंनी पहिला ड्रॉवर ओढला. (काय गुळगुळीत आला!) आत सहापासून बत्तीसपर्यंत पाने, ओळीनं. दुसऱ्यात सॉकेट. तिसऱ्यात पक्कड, हातोडी आणि माझे जपून ठेवलेले नट. ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“ह्ये काय वं? पोरीनं ह्येच्यावर काय करायचं?”

मी तोंड उघडणार, इतक्यात नवरदेव पुढं झाला. अविनाश त्याचं नाव. घरची शेती, दोन ट्रॅक्टर. त्यानं पाने पाहिले आणि त्याचा चेहरा असा फुलला, की शीतलकडे बघूनसुद्धा तेवढा फुलला नव्हता.

“आई, ह्ये माझ्यासाठी हाय! मामा, आजवर जावयाला अंगठी सगळेच देत्यात, पर ह्ये कुनाला सुचलं न्हाई. लई भारी!” असं म्हणून त्यानं वाकून माझे पाय धरले आणि उठताना पेटीची किल्ली आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

मी त्याला आशीर्वाद दिला. दुसरं काय देणार? सगळं देऊन झालं होतं.

संध्याकाळी टेम्पोत कपाट चढलं, मग पेटी. चारचौघांनी दोरानं करकचून आवळली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लोक म्हणाले, “बघा, मामाचा किती जीव आहे भाचीवर!” ताई मला जवळ घेऊन म्हणाली, “अरे वेड्या, जामखेड काय लांब आहे का? कधीही जाऊन भेट.” खोटं कशाला बोलू, शीतलसाठीही मला रडू येत होतंच, पण रांगेत तिचा नंबर दुसरा होता.

शीतल रडत जीपमध्ये बसली. अविनाश बसला. मी किल्ली फिरवली. खट्ट! पुन्हा फिरवली. खट्ट! बाहेर हॉर्न, आत हुंदके, आणि मला लख्ख आठवलं: बॅटरीचा तो हातानं आवळलेला नट. दोन फेरे दिले की काम झालं! फक्त दहा नंबरचा पाना हवा. मी मागं वळलो.

“जावईबापू, तुमच्या पेटीतला... दहा नंबरचा पाना जरा मिळेल का?”

नवी नवरी रडतारडता फिस्सकन हसली. अविनाश उतरला, टेम्पोवर चढला, कुलूप उघडून पाना घेऊन आला आणि माझ्या हातावर ठेवताना थोडा घुटमळला.

“मामा, राग मानू नका, पर काम झालं की परत द्या हां. सेट मोडायला नको.”

नट आवळला, जीप सुरू झाली, वरात सुखरूप जामखेडला पोचली. पाना मात्र मी दिला नाही. विसरलो म्हणून सांगितलंय. माझ्या गॅरेजमध्ये आता तेवढा एकच पाना आहे, आणि तो पुन्हा चहाच्या चाळणीशेजारी राहायला गेलाय. सौ. म्हणते, “अहो, एकदा जाऊन दुसरी पेटी बनवून घ्या ना.” मी म्हटलं, घाई नको. आधी ताईच्या धाकटीचं लग्न होऊ दे.