प्लास्टरमधला हात आणि लॉगचा ग्राफ

पेपरच्या आठ दिवस आधी पारोळा रोडवर माझी स्कूटी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि मी दवाखान्यातच रडायला लागले. दुखत होतं म्हणून नाही... गणिताचा पेपर तोंडावर आला होता म्हणून.

हा एक विषय कधीचा माझ्या मानगुटीवर बसलेला. दोनदा नापास झाले होते आणि जुन्या पॅटर्नची ही शेवटची संधी होती. यावेळी गेला असता तर बी.एस्सी.वर पाणी आणि बी.एड.चं नावही काढायला नको.

कॉलेजने लेखनिक दिली. तिला आपला विषय येत नसावा असा नियम. आली ती कल्याणी, शिंदखेड्याकडची, आर्ट्सच्या पहिल्या वर्षाला, दहावीनंतर गणिताकडे ढुंकून न पाहिलेली. मी घामाघूम आणि ती एकदम शांत. मला तर तिचा थोडा रागच आला.

धुळ्यातल्या त्या वर्गात आम्ही दोघी आणि समोर सुपरवायझर मॅडम. त्यांनी आधीच बजावलं होतं की मी सांगेन तेवढंच तिने लिहायचं, एक अक्षर जास्त नाही. वर स्वतः खुर्ची ओढून आमच्या बाकाजवळच बसल्या.

शेवटचा प्रश्न दहा मार्कांचा. लॉगचा साधा ग्राफ काढा, पाया दोन, आणि तोच ग्राफ सरकवून, उलटा करून y = 3 − log(x + 2) चा ग्राफ मिळवा. आधीचे प्रश्न बेताचेच गेले होते, त्यामुळे पास की नापास ते आता इथेच ठरणार होतं.

खरं तर हा ग्राफ मी घरी कितीदा काढला असेल. पण तो हाताला पाठ होता, तोंडाला नाही... आणि हात प्लास्टरमध्ये. साधा ग्राफ कसाबसा सांगून झाला. एकाचा लॉग शून्य, म्हणून पहिला बिंदू एक-शून्य. मग दोन-एक, चार-दोन. डावीकडे एक तुटक रेषा, जिला हा ग्राफ कधी शिवत नाही.

मग आले कंसातले अधिक दोन. अधिक म्हणजे पुढे, असं मनात आलं आणि मी सांगून मोकळी झाले... सगळा ग्राफ दोन घरं उजवीकडे. तुटक रेषा दोनवर, पहिला बिंदू तीन-शून्य, शेजारी लिही, x तीन असताना y शून्य. कल्याणी पट्टी लावून पेन्सिलीने सावकाश काढत गेली. मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते सापडेना, आणि हातात जेमतेम पंधरा मिनिटं.

मी गप्प झालेली पाहून कल्याणीने पेन्सिल खाली ठेवली आणि मॅडमकडे पाहिलं.

"मॅडम, लिहिलेलं वाचून दाखवलं तर चालेल?"

मॅडमनी नियमांचा कागद उघडला. वाचत बसल्या... त्या एका मिनिटात मी सगळे देव आठवले. शेवटी म्हणाल्या, लिहिलंय तेवढंच वाच, बोट कुठे ठेवू नकोस.

तिने एकसुरात वाचलं. लॉग, कंसात x अधिक दोन. x तीन असताना y शून्य.

तीन अधिक दोन पाच. पाचाचा लॉग शून्य कसा? शून्य तर फक्त एकाचा असतो... म्हणजे x उणे एक हवा. ग्राफ डावीकडे जायला हवा होता आणि मी त्याला उजवीकडे हाकललं होतं.

तिला सगळं खोडायला सांगितलं. तुटक रेषा उणे दोनवर, बिंदू उणे एक-शून्य. मग उणे चिन्हासाठी ग्राफ अक्षावर उलटा, मग तीन घरं वर. शेवटचा बिंदू सहा-शून्य. सहा अधिक दोन आठ, आठाचा लॉग तीन, तिनातून तीन गेले शून्य. जमलं. वक्ररेषा पूर्ण झाली आणि बेल वाजली.

बाहेर आल्यावर मी तिला आमच्या अहिराणीतच विचारलं, चूक तुला दिसली होती का? ती हसली.

"नही ताई, माले गणितमा काय समजस? मन्हा आबा मन्हाकडथून अर्ज लिखाडतस. लिखी झायं की वाची दाखाडनं पडस. कानवर पडनं की त्यास्ले त्यास्नी चूक सापडस."

परवा निकाल लागला. पास. काठावर का होईना, पण पास. आज बी.एड.चा फॉर्म भरला, माझ्याच हाताने. आनंदाने दोनदा चुकले तो भाग वेगळा.

ही पोस्ट टाकण्याआधी कल्याणीला फोनवर वाचून दाखवली. सगळं ऐकून ती म्हणाली, "ताई, एक चूक शे. मी शांत नव्हतू. मन्ह्यामुळे तुम्ही नापास व्हशात अशी भीती वाटी ऱ्हायनती."

'ती एकदम शांत' ही ओळ मी वर तशीच ठेवली आहे. इतके दिवस मला वाटत होतं की त्या बाकावर मी एकटीच घाबरलेली होते... कल्याणी, थँक यू गं.