मागच्या बाजूला लिहिलेली नावं

आमची मुलगी गेली तेव्हा चौदा महिन्यांची होती. घटसर्प झाला. सौंसरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की यावरचं इंजेक्शन इथं नाही, नागपूरला न्या. आम्ही दुपारच्या छोट्या गाडीत बसलो. मांडीवर ती होती, समोर माझे यजमान. लोधीखेडा स्टेशन यायच्या थोडं आधी तिचा श्वास थांबला. गाडी स्टेशनात लागली, लोक उतरले, चढले. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो आणि सावनेरला उतरून परतीची गाडी धरली.

मी रडले नाही. सौंसरला शेजारच्या बायका आल्या, त्यांनी मला रडवायचा प्रयत्न केला, आणि मग त्याच माझ्याकडं विचित्र नजरेनं बघू लागल्या. मला खरंच काही वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी हिरडी बधिर करतात आणि जीभ लावली तरी ती आपली वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. मी स्वयंपाक करायची, भाजीत मीठ बरोबर पडायचं. यजमान तहसील कचेरीत कारकून होते. ते डबा घेऊन जायचे, संध्याकाळी यायचे, आणि आम्ही एकमेकांना हवं-नको तेवढंच विचारायचो.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. सासरे होते. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. एक दिवस मी मोरीपाशी बसले होते. ते मागं येऊन उभे राहिले.

"सूनबाई, तोच तांब्या तू तिसऱ्यांदा घासून राहिली."

मी हातातल्या तांब्याकडं पाहिलं. असेलही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण माझ्यापुढं ठेवलं. नागपुरात समाजकार्याचं शिक्षण सुरू होतं, बी. ए. झालेल्यांसाठी, दोन वर्षांचं. मी लग्नाआधी पांढुर्ण्याहून नागपूरला जाऊन बी. ए. झालेली होते. माझे वडील पांढुर्ण्याला मास्तर, त्यामुळं शिकण्याची आमच्याकडं काही नवलाई नव्हती. पण समाजकार्य ही शिकायची गोष्ट असते, हे मलाही ठाऊक नव्हतं.

"यात काय शिकवतात मामाजी?"

"मले तरी काय माहीत? लोकाइच्या घरी जायचं असते म्हणतात. जाशील?"

"चालेल," मी म्हटलं. त्या काळात मी सगळ्यालाच चालेल म्हणायची.

यजमान रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "जाते तर जाऊ द्या." मान वर केली नाही. त्यांनाही मी घरात नको होते, असं मला वाटलं. त्याचंही वाईट वाटलं नाही.

मी वसतिगृहात राहायला लागले. पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी इतवारी स्टेशनवरून छोटी गाडी धरून सौंसरला यायची. सावनेर सुटलं की मी पिशवीतून पुस्तक काढायची आणि लोधीखेडा जाईपर्यंत एकच पान वाचायची.

अभ्यास मला जड गेला नाही. तास असायचे, आणि आठवड्यातून दोन दिवस वस्तीत जायचं असायचं. कुणाला नवऱ्यानं टाकलेलं, कुणाचं मूल शाळेत जात नाही, कुणी क्षयानं आजारी. त्यांच्याशी बोलायचं, त्यांचं ऐकायचं, आणि परत येऊन सगळं संभाषण जसंच्या तसं लिहून काढायचं. हे मला उत्तम जमायचं. बाकीच्या मुली बायकांचं ऐकता ऐकता रडायच्या आणि निम्मं विसरायच्या. मी शब्दन् शब्द लिहायची.

आमच्या मार्गदर्शक बाई पुण्याकडच्या होत्या. पांढरं पातळ, जाड चष्मा, स्वच्छ बोलणं. त्यांनी मला बोलावलं.

"तुमची नोंद सगळ्या वर्गात चांगली आहे. पण शेवटचा रकाना तुम्ही कोरा ठेवलाय. तिथं कार्यकर्तीला काय वाटलं ते लिहायचं असतं."

"काही वाटलं नाही बाई."

"असं होत नाही. विचार करा."

मी विचार केला, आणि वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या मुलीची वही मागून घेतली. तिच्या रकान्यात होतं ते पाहून मी लिहायला शिकले. 'मला असहाय वाटले.' 'तिच्या धीराचे कौतुक वाटले.' कुठं काय शोभेल ते मला लवकरच कळलं. पुढच्या वेळी बाईंनी समासात 'प्रगती आहे' असा शेरा दिला. ही लबाडी मी दोन वर्षं केली आणि त्यावर मला चांगले गुण मिळाले. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा तीही वाटली नव्हती.

दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. बाईंनी विषय ठरवून दिला: खेड्यातली बाळंतपणं आणि बालसंगोपन. "तुमचा तालुका निवडा. तुम्हाला तिथली बोली येते," त्या म्हणाल्या. माझ्याबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. मी तिथं कुणालाच सांगितलं नव्हतं. मी चालेल म्हटलं.

प्रश्नांचा छापील कागद होता. घरातली माणसं किती, विहीर किती लांब, बाळंतपण कुणी केलं, मुलं किती झाली, हयात किती, मृत किती, मृत्यूचं वय, कारण. सौंसरहून मी रोज रामाकोन्याला जायची आणि दिवसाला सहा-सात घरं करायची. बायका आकडे सांगायच्या, मी भरायची. चार, दोन, दोन. सहा, पाच, एक. खाली मान घालून.

दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. एका घराच्या अंगणात माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी बाई कापूस निवडत बसली होती. चांगला एका बाजूला, किडका दुसऱ्या बाजूला. हात थांबत नव्हता. मी अंथरलेल्या पोत्यावर बसले आणि सुरू केलं.

"किती लेकरं झाली?"

"पाच."

"आता किती हायेत?"

"तीन. दोन गेले. एक गोवरानं, एक असंच."

मी लिहिलं. पुढचा प्रश्न विचारणार तेवढ्यात ती म्हणाली, "आन तुमाले वो बाई?"

याचं उत्तर आम्हाला शिकवलेलं होतं. कुणी आपल्याबद्दल विचारलं तर एका वाक्यात सांगायचं आणि बोलणं पुन्हा त्यांच्याकडं वळवायचं.

"एक मुलगी झाली होती. घटसर्पानं गेली. तुमचं बाळंतपण कोणी केलं?"

"नाव काय होतं तिचं?"

मी नाव सांगितलं. दोन वर्षांत ते मी तोंडानं उच्चारलं नव्हतं. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. तिनं ते एकदा म्हणून पाहिलं, नवीन पातळाचा पोत बोटांनी पाहावा तसं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. मग कापसातलं बोंड टाकून माझ्याकडं नीट पाहत म्हणाली, "माह्या दोघाचं नाव तुमी काहून नाई इचारलं?"

"कागदावर नाही तसा प्रश्न."

"त्याईले जागा नाई काय कागदावर?"

मी कागद तिच्यासमोर धरला, जणू तिला वाचता येत होतं. "नाही. हे बघा. आकड्यापुरतीच जागा आहे."

"मंग मांगं लिवा. मांगं तर कोराच हाय."

मी कागद उलटा केला. तिनं दोन नावं सांगितली. एक मुलगा, एक मुलगी. मुलाला घरात काय म्हणायचे तेही सांगितलं. मी लिहिलं. तिनं विचारलं, "झालं लिवून?" मी हो म्हटलं. ती पुन्हा कापूस निवडू लागली आणि बाळंतपण कुणी केलं ते सांगितलं.

मला त्या अंगणात भरून वगैरे आलं नाही. मी पुढच्या घरी गेले. पण तिथं मृत किती हे विचारून झाल्यावर माझ्या तोंडून गेलं, "नावं काय होती?" त्या घरातल्या सासूनं चारही सांगितली. एका मागोमाग एक, थोरल्यापासून. त्यानंतर मी प्रत्येक घरी विचारत गेले. जी लेकरं बारशाआधी गेली त्यांना नावं नव्हती. त्यांच्यापुढं मी 'लहान' असं लिहायची. लोधीखेड्याची घरंही माझ्या यादीत होती. तिथं मी मोटारीनं गेले, स्टेशनाकडं गेले नाही.

नागपूरला परतल्यावर बाईंनी कागदांचा गठ्ठा तपासला. एक उलटला, दुसरा उलटला.

"हे काय आहे?"

"गेलेल्या मुलांची नावं."

"तक्त्यात याचा काही उपयोग नाही."

"माहीत आहे बाई."

"मग का लिहिली?"

"त्यांनी सांगितली म्हणून."

त्यांनी आणखी बरेच कागद उलटून पाहिले. चष्मा काढला. "तुम्हाला मूल आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. त्यांनी पुढं विचारलं नाही.

प्रबंध झाला, तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी घरं कशी निवडली एवढंच विचारलं. मी पास झाले.

त्याच सुमाराला राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं. आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, पण त्याची राजधानी आता नागपूरऐवजी भोपाळ. आमच्याकडं खूप चर्चा झाली. सासऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोलताना मी ऐकलं. "नागपूर म्हंजे आपलं अंगण होतं," ते ओट्यावर लोकांना सांगायचे. "भोपाळ कोणी पाह्यलं आहे इथं?" यजमानांच्या कचेरीत मराठीतले फॉर्म गेले, हिंदीतले आले. मी हे सगळं ऐकत होते, पण दुसऱ्याच्या घरातलं भांडण भिंतीतून ऐकू यावं तसं. माझ्या पदवीवर शिक्का नागपूरचा आणि नोकरी मिळायची ती भोपाळच्या सरकारची, एवढंच त्यात माझं होतं.

नोकरी मिळाली. पांढुर्ण्याच्या विकास खंडात मुख्यसेविका, म्हणजे गावोगावची महिला मंडळं चालवायची. आठवडाभर मी माहेरी राहायची आणि शनिवारी मोटारीनं सौंसरला जायची. पहिल्याच दिवशी आमचे साहेब म्हणाले, "देखिए, रिपोर्ट हिन्दी में लिखिएगा।" ते उत्तरेकडचे होते, स्वभावानं सौम्य. मला हिंदीत लिहायचं बरंच वाटलं. त्या भाषेत मी कधी कुणाला झोपवलं नव्हतं. 'महिला मंडल की बैठक सम्पन्न हुई।' एका वाक्यात दिवस संपायचा.

असं वर्षभर गेलं. मग सरकारनं बिनधुराच्या चुली बांधायचा कार्यक्रम काढला. मी आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि जाम नदी ओलांडून सावरगावला एका घरी पहिली चूल घातली. मंडळातल्या पंधरा-वीस बायका बघायला आल्या. मी धुराड्याचे फायदे सांगितले. डोळे चुरचुरणार नाहीत, भिंती काळ्या होणार नाहीत. मग घरधनिणीनं लाकडं पेटवली.

पहिल्यांदा थोडा धूर आला. मी म्हटलं, आता वर जाईल. तो वर गेला नाही. चुलीच्या तिन्ही तोंडांतून भसाभसा बाहेर आला, आणि पाहता पाहता घरातलं कुणी कुणाला दिसेना. सगळ्या खोकत दाराकडं धावल्या. एकीच्या डोक्यावरचा पदर दुसरीच्या हाती आला. धुराड्याची माती वाळेपर्यंत आत कोंबलेलं पोतं काढायचं मी विसरले होते. आतून घरधनिणीचा आवाज आला:

"बाई वो! बिनधुराची म्हंता ना हिले? मंग धूर असलेली कशी असते?"

आणि मी हसले. आधी नाकातून हसले, मग अंगणात मटकन खाली बसून पोट धरून हसले. बायका आधी माझ्याकडं पाहत राहिल्या, मग त्याही सुटल्या. घरधनीण काळं तोंड घेऊन बाहेर आली. तिला पाहून पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू झालं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पोट दुखत होतं, आणि ते माझंच पोट होतं.

त्या शनिवारी सौंसरला जेवणं झाल्यावर मी यजमानांना ते सांगितलं. पोतं, धूर, पदर, सगळं. ते सुपारी कातरत होते. अडकित्ता हातात तसाच राहिला. कितीतरी वर्षांनी त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"मग ती काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलंच होतं. तरी पुन्हा सांगितलं.