विलायत फेल

आमच्या अब्बांना मराठी वाचता येत नव्हतं, आणि लातुरातल्या कितीतरी मराठी पाट्या त्यांनीच रंगवलेल्या होत्या. हे सांगितलं की लोक हसतात. पण यात हसण्यासारखं काही नाही. अब्बा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकले होते आणि मराठी अक्षरं ते चित्रासारखी काढायचे. मी मराठी शाळेतली. मी चिठ्ठीवर मजकूर मोठ्या अक्षरात लिहून द्यायची, ते तो खडूनं पत्र्यावर उतरवायचे. मग जाड ब्रशनं आधी सगळी अक्षरं भरायची, त्यांच्या डोक्यावर रेघ ओढायची, आणि काना, मात्रा, वेलांट्या अगदी शेवटी बारीक ब्रशनं घालायच्या, अशी त्यांची रीत. त्यामुळं अर्धवट पाटी वाचायला मला फार मजा यायची. एका दुकानाची ‘शुद्ध तुपाची मिठाई’ दुपारच्या जेवणापर्यंत ‘शद्ध तपच मठई’ होती, आणि गिऱ्हाईक तरीही येत होतं.

भूकंप होऊन तीनेक वर्षं झाली होती. धास्तीनं लोकांनी अंगणात टाकलेली पत्र्याची शेडं रिकामी होत होती आणि त्यांत फिजिक्स-केमिस्ट्री भरत होती. मुदखेड, देगलूर, जळकोट, कुठून कुठून पोरंपोरी पत्र्याची ट्रंक घेऊन लातूरला उतरत. प्रत्येक गल्लीत एक क्लास, प्रत्येक क्लासला एक पाटी, आणि शेजारच्यापेक्षा हातभर मोठी. अब्बांच्या ब्रशला उसंत नव्हती आणि माझ्या चिठ्ठ्यांनाही. ‘यशाची परंपरा’ हे शब्द मी इतक्यांदा लिहिले की माझा यशावरचा विश्वासच उडाला.

अशात एक सर विलायतेहून परत आले. मूळचे नांदेडकडचे, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकलेले आणि भूकंपाआधीपासून लातूरला शिकवणारे. भूकंपानंतर एका इंग्रजी विद्यापीठातले प्राध्यापक पडलेली घरं मोजायला आले, तेव्हा हे सर त्यांच्यासोबत गावोगाव दुभाषी म्हणून हिंडले. जाताना ते प्राध्यापक यांनाही घेऊन गेले. दीड वर्षानं सर परतले तेव्हा गावानं हारतुरे केले. त्या विद्यापीठाचं नाव गावात प्रत्येक जण वेगळं उच्चारायचा आणि प्रत्येकाला आपलाच उच्चार बरोबर वाटायचा. मग सरांनी क्लास काढला.

त्या क्लासला मला जायचंच होतं. अकरावी सायन्सला बसलेल्या प्रत्येकीला जायचं होतं, पण मला जरा जास्त. सर घोकून घेत नाहीत, समजावून सांगतात, अशी त्यांची ख्याती होती, आणि घोकंपट्टीत मी पहिल्यापासून ढ. जागा साठ. सरांनी परीक्षा घेतली आणि वेटिंग लिस्टमध्ये माझा नंबर चौथा लागला. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तेवढ्यात क्लासच्या पाटीचं काम अब्बांकडे आलं. काम घेताना अब्बा सरांना एवढंच म्हणाले, बच्ची का जरा देख लो. सर म्हणाले, बघू. लातुरात ‘बघू’ म्हणजे पाऊण हो. मी त्याच दिवशी नवी वही आणली.

ही पाटी निराळीच होती. बाकीच्या क्लासवाल्यांकडे लावायला बोर्डात आलेली पोरं होती. सरांचा क्लास नवा, पोरं कुठून आणणार? म्हणून त्यांनी त्या विलायती विद्यापीठाशी संबंधित थोर माणसांची यादी लावायचं ठरवलं. इंग्रजीत खरडलेला कागद माझ्याकडे आला. मी त्याचं मराठी करून चिठ्ठीवर लिहायची आणि अब्बा खडू हातात धरून प्रत्येक माणसाची चौकशी करायचे. ये क्या किये? याने एक रोगजंतू शोधला. और ये बाई? ही ताऱ्यांचा उजेड मोजायची. अब्बांना ते फार आवडलं, तिचं नाव त्यांनी अंमळ मोठ्या अक्षरात काढलं. एक गृहस्थ आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाचे पंतप्रधान झाले होते. एक कवी होते, त्यांना तर विद्यापीठानं दुसऱ्या वर्षीच हाकलून दिलं होतं आणि आता मोठ्या मानानं आपल्या यादीत घेतलं होतं. अब्बा म्हणाले, पहले निकालना, बाद में मिरवना, ये अपनेच गावासारखं झालं.

शेवटची ओळ सरांची स्वतःची होती. सरांचं नाव, पुढं विद्यापीठाचं नाव, आणि मग एफ, ई, एल आणि एक लांबलचक रेघ. सरांचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत पडून कागदावर चालल्यासारखं. ‘फेलो’ हा शब्द मी जन्मात ऐकलेला नव्हता. ‘फेल’ मात्र रोज ऐकत होते. आणि आमच्या गल्लीत एका रिटायर्ड कारकुनाच्या दारावर अब्बांनीच रंगवलेली पाटी होती: नाव, आणि खाली ‘बी. ए. (फेल)’. त्या माणसाला केवढा मान! बी. ए.च्या परीक्षेपर्यंत जाऊन आलेला माणूस म्हणून लोक त्याच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. मी विचार केला, इथला बी. ए. फेल एवढा मोठा, तर विलायतेचा फेल केवढा असेल! शिवाय हाकलून दिलेला कवी यादीत बसतो, मग फेल झालेले सर का बसू नयेत? मी छान ठसठशीत लिहिलं, ‘विद्यापीठाचे फेल’. अब्बांनी तसंच उतरवलं.

उद्घाटनाला पाहुण्यांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि पुढच्या रांगेतल्या कुणीतरी यादी मोठ्यानं वाचायला घेतली. शेवटच्या ओळीला आवाज जरासा अडला. मग हसू पिकलं. पाहुणे रुमाल तोंडाला लावून हसले. मी बायकांच्या बाजूला उभी होते, मला आधी कळेचना की हसतात कशाला. शेजारच्या बाईनं सांगितलं, अगं, फेलो पाहिजे होतं, मोठा मान असतो तो, पेंटरनं काना-मात्रा खाल्ली. माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि लातुरात हे वाक्य कुणी उगाच वापरत नाही.

सर अब्बांजवळ आले. आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, चिठ्ठी दाखवा.

अब्बांनी हात जोडले. “चिठ्ठी हवा में उड़ गई, साहब. काना-मात्रा आखिर में डालतूँ मैं. मेरेच हात से छूट गई.”

सगळ्यांना ते पटलं. अब्बांची रीत गावाला ठाऊक होती. दुरुस्ती लगेच होण्यासारखी नव्हती, कारण ‘ल’ अगदी पत्र्याच्या कडेला टेकला होता आणि पुढं काना मावायला बोटभरही जागा नव्हती. पूर्ण ओळ खरवडावी लागणार होती. सर म्हणाले, सोमवारी बघू. हा ‘बघू’ पाऊण नव्हता.

मी गप्प राहिले. खरं सांगते, मला जागा हवी होती. जिला फेल आणि फेलो कळत नाही तिला कोण बॅचला घेईल, असं माझ्या मनात होतं. अब्बांना वाटत असेल की आपणच गाळलं, तर वाटू दे, असाही हिशेब मी केला. तो हिशेब आठवला की मला अजून माझा राग येतो.

पुढचे चार दिवस बाजारानं अब्बांना धारेवर धरलं. चहाच्या टपरीवर कुणी ‘विलायत फेल पेंटर’ म्हणून हाक मारली. मिठाईवाल्यानं नवी पाटी दुसऱ्याला दिली, म्हणे आमच्या मिठाईतली वेलांटी पडली तर पंचाईत. अब्बा हसून सोडून द्यायचे. आणि शनिवारी कपडे भिजवताना त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात मला चिठ्ठी सापडली. चार घड्या घातलेली, कोपऱ्याला पिवळा रंग. माझं अक्षर. शेवटची ओळ: फेल.

म्हणजे चिठ्ठी उडाली नव्हती. वाचता येत नसलं तरी अक्षराचं चित्र ताडून बघायला अब्बांना दोन क्षण पुरले असणार. मी बादलीशेजारी बसून मनसोक्त रडले, आणि तशीच ओल्या हातांनी सरांकडे निघाले.

सर एकटे नव्हते. जळकोटकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले होते आणि म्हणत होते, “जो माणूस सोता फेल झाल्यालं दारावर लिवतो, त्यो लेकराला खोटं न्हाई सांगायचा. माझ्या लेकीला हितंच ठिवा.” सर त्यांना, जागा भरल्यात, वेटिंगला नाव लावतो, असं काहीबाही सांगत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. ते दोघं गेल्यावर मी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, चूक माझी आहे, अब्बांची नाही.

सरांनी चिठ्ठी उचलून शेवटची ओळ वाचली. मग म्हणाले, “चूक नाही ही. मी फेलच झालोय.”

ते सांगत गेले. तिथं त्यांना दगडमातीच्या घरांवर प्रबंध लिहायचा होता. “मातीच्या छताचं वजन किती, असं ते विचारायचे. मी त्या छताखाली कोण कोण झोपलं होतं ते लिहायचो. त्यांनी दोनदा परत केलं. तिसऱ्यांदा मी दिलंच नाही.” परत आल्यावर गावानं हार घातले, कुणीतरी फेलो म्हटलं, यांनी नाही म्हटलं नाही. आणि कागदावर तर स्वतःच्या हातानं लिहिलं. शेवटी म्हणाले, ओळ आहे तशी राहू दे, मलाही आता हलकं वाटतं.

मला त्यांची कीव आली, आणि रागही आला. त्यांना हलकं वाटणार आणि अब्बा जन्मभर ‘विलायत फेल पेंटर’ राहणार! मी सोळा वर्षांची होते, पण जीभ आमच्या खानदानात कुणाचीच आखूड नाही.

“मग पूर्ण लिहा, सर. नुसतं फेल वाचून लोकांना पेंटरची चूक वाटते. चूक वाटणार नाही असं लिहा.”

सरांनी पेन घेतलं आणि या खेपेला एकेक अक्षर सुटं काढून मराठीत लिहिलं: ‘आणि आमचे सर. याच विद्यापीठात दीड वर्ष. नापास.’ मी जागेचं विचारलं. ते म्हणाले, वेटिंगला तुझ्यापुढं तिघं आहेत. एक ओळ खरी लिहून दुसरीकडं खोटं कसं करू? त्यांचं चुकलं नव्हतं, म्हणूनच मला ते फार लागलं. मी नवी वही अम्मीला किराण्याच्या यादीसाठी देऊन टाकली.

सोमवारी अब्बांनी जुनी ओळ खरवडून नवी रंगवली. मी खाली उभी राहून वाचून दाखवली. अब्बांनी ब्रश थांबवून विचारलं, ये साहब खुद बोले? मी हो म्हटलं. माझ्या चिठ्ठीबद्दल ते तेव्हाही बोलले नाहीत आणि नंतरही कधी नाही. दुपारपर्यंत बाजारात नवीच बातमी: पेंटरचं पहिल्यापासून बरोबरच होतं, त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. मिठाईवाला आपली पाटी घेऊन परत आला, आणि अब्बांनी त्याला गुरुवारपर्यंत थांबवलं.

पण क्लासवर वेगळंच झालं. बँकवाले, डॉक्टर, वकील, सगळ्या शिकल्यासवरल्या पालकांनी मुलं काढून घ्यायला सुरुवात केली. नापास माणसाकडं का ठेवायची? दोन दिवसांत साठातले अकरा गेले. तिसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला, वेटिंगचे चौघं आणि जळकोटची मुलगी, उद्यापासून या.

मी गेले. मधूनमधून रिकाम्या बाकांसमोर सर नेहमीच्या आवाजात शिकवत होते. मी बसले तो बाक एका डॉक्टरांच्या मुलीनं सोडलेला होता. ती जागा मला हुशारीनं मिळाली नव्हती आणि अब्बांच्या वशिल्यानंही नव्हती. मी खरं लिहायला लावलं म्हणून एका माणसानं जे गमावलं, त्यातली ती एक होती. दोन वर्षांत मी तिथला एकही तास बुडवला नाही.