ऐन म्हणून आलेल्या फळ्या

जनू सुताराशी गावात धड कुणी बोलत नसे आणि त्यालाही त्याची फिकीर नव्हती. धरमतर खाडीच्या बांधाला शेतातलं पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेलं तोंड, म्हणजे उघाडी. तिचं दार तोच बसवायचा. ओहोटीला दार उघडतं, भरतीला मिटतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. दार ऐनाच्या लाकडाचंच हवं, हा त्याचा हट्ट. ऐन ओळखायचा कसा, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "पाण्यात टाक. बुडला की ऐन." पुढचं सांगायचा त्याला कंटाळा.

यंदा आश्विनात जुनं दार कुजून निखळलं. भात लोंबीवर आलेलं, अमावास्येचं उधाण चार दिवसांवर. गावानं ऐनाचं लाकूड आणायला तरण्या हरेशला पाठवलं. त्यानं खांब गावापलीकडच्या एका वखारीतून चार फळ्या आणल्या.

जनूनं पहिल्या फळीवर मोगरी आपटली. "ह्यो ऐन नाय. ऐन खणखणतो. ह्यो भदभद करतोय. मी नाय बसवनार."

"काका, तुमच्याच परीक्षेनं पारखून आणलीय," हरेश म्हणाला आणि फळी खाडीत लोटली. फळी तळाला गेली. माणसं हसली.

काशीबाईचं शेत उघाडीला लागून. ती पुढं आली. "मेल्या, माज्या भाताचं मीठ करतंस काय? बसव गुमान."

जनूनं दुसऱ्या फळीला करवत लावली. ऐन करवतीची धार खातो. ही मुकाट्यानं चिरत गेली. वरून काळं ऑईल फासलेलं, आत फिकट भुरकी. काळपट गाभा नाही, काळ्या शिरा नाहीत. हरेशनं त्याची गचांडी धरली. "गावाची फळी कापतंस?" पण तोवर अंगठ्याएवढी काडी निघाली होती. तेवढीच एक जनूनं जुन्या दाराच्या शाबूत गाभ्यातून काढली आणि दोन्ही आपल्या पत्र्यावर उन्हात टाकल्या.

दोन दिवसांनी घमेल्यात पाणी घेऊन तो चावडीवर बसला. जुनी काडी पाण्यात जेमतेम पाठ वर ठेवून राहिली. नवी टुणकन वर आली आणि भेंडासारखी हलायला लागली.

"ओलं लाकूड कुठलंबी बुडतंय," जनू म्हणाला. "महिनाभर टाकीत ठेवलं की आंबाबी बुडतो. सुकल्यावरबी जड ऱ्हातो तो खरा ऐन."

हरेशचा चेहरा उतरला. "वखारवाला हसून म्हनला व्हता, तुम्हा खाडीवाल्यांना बुडलेलं दिसलं की झालं."

काशीबाई जनूकडे वळली. "म्हंजे इतकी वर्सं आमाला अर्धंच शिकवलंस?"

"कुनी पुरतं इचारलं?"

"तुज्या तोंडाला लागून कोन इचारनार रे? आता उद्या उधाण. दार कुठं हाय?"

दार नव्हतं, आणि या फळ्यांचा भरवसा नव्हता. आता नवं लाकूड आणायला वेळही नव्हता. पाऊस सरलेला होता, शेतातलं पाणी बाहेर काढायचं उरलं नव्हतं, तेव्हा उघाडी चिखलानं बुजवून टाकायची, एवढंच उरलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला सगळा गाव उतरला. खाडीकडच्या बाजूला, कमरेएवढ्या गाळात उभं राहायला कुणी तयार होईना.

"त्याला उतरवा," काशीबाई म्हणाली.

जनू उतरला. ती वरून चिखलाची पाटी द्यायची, तो घेऊन उघाडीच्या तोंडात थापायचा. दुपार होत आली, पाणी त्याच्या छातीला आलं. ती पाट्या देत राहिली, उघाडी बुजेपर्यंत.