पातळ थर

प्रयोगशाळेत त्यांना सगळे 'चिक्कूमावशी' म्हणायचे. राग सोडाच, मावशींना त्याचा अभिमानच वाटायचा. जंतू वाढवायच्या प्लेटांमध्ये अगार, म्हणजे घट्ट होणारी जेली, ओतायची ती त्यांनीच. इतरांच्या जितक्या जेलीत वीस प्लेटा व्हायच्या, तेवढ्याच जेलीत त्या तीस भरायच्या. "ओततं काय, कुणीही. पुरवायला अक्कल लागते," असं नव्या मुलींना ऐकवायच्या. साहेबही खूश. थर किती जाड असावा हे भिंतीवर लिहिलेलं होतं, पण वाचतंय कोण मेलं.

मग थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जखम चिघळली. पू तपासायला इथेच आला. मावशींनी जेलीवर जंतू पसरले, वर औषधांच्या चकत्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या औषधाभोवती ऐसपैस स्वच्छ गोल दिसला. तेवढ्या जागेत जंतू वाढलेच नव्हते. औषध लागू पडतंय, असा रिपोर्ट देऊन मावशी निर्धास्त झाल्या.

ताप काही उतरेना. डॉक्टर म्हणाले, औषध बदलू. ताई अडून बसल्या. "माझ्या बहिणीच्या हातचा रिपोर्ट आहे, तो खोटा कसा असेल?" पाय आणखी सुजला तेव्हा डॉक्टरांनी नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथला रिपोर्ट नेमका उलटा आला. हे जंतू या औषधाला जुमानतच नव्हते.

मावशींचा पारा चढला. आम्हाला शिकवताय होय? त्यांनी तिथलीच एक प्लेट मागवली आणि तिच्यावर आणि आपल्या प्लेटवर तेच जंतू, त्याच डबीतल्या चकत्या लावल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही प्लेटा शेजारी ठेवल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. आपल्या प्लेटवर तोच ऐसपैस गोल. तिकडच्या जाड थरावर मात्र जंतू पार चकतीजवळ येऊन भिडलेले. पातळ जेलीत औषधाला खाली मुरायला जागाच नव्हती, म्हणून ते आडवं लांबवर पसरलं होतं. गोल मोठा झाला तो औषधाच्या जोरावर नव्हे, मावशींच्या काटकसरीवर.

औषध बदललं, ताई वाचल्या. पण सांधा आतून खराब झाला होता. गुडघा आता वाकणार नव्हता.

मावशी भेटायला गेल्या तेव्हा ताई शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या, "ही माझी धाकटी. हिने पुन्हा तपासलं म्हणून निभावलं बघा." मावशींना ते सहन होईना. त्यांनी सगळं सांगून टाकलं, जेली, थर, पुरवापुरवी, सगळं.

ताईंनी आपल्या ताठ पायाकडे पाहिलं. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर मावशींना बरं वाटलं असतं.

"माझं राहू दे गं," ताई म्हणाल्या. "पण इतकी वर्षं प्लेटा तूच ओततेयस ना? बाकीच्यांचं काय झालं असेल?"