खळीचं पीठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलींना नाही, मठातल्या स्वामींनाही नाही. दोन-तीनदा ओठांवर आलं होतं — पण ओठांवर आलेलं गिळायची मला चांगली सवय आहे. आज तुम्हाला सांगायला बसलोय, तर तेही सरळ जमेल की नाही, माहीत नाही. आधी कामाचं सांगतो. कामाबद्दल बोलणं मला नेहमीच सोपं गेलंय.

बहात्तरच्या दुष्काळात मी धाराशिवला एका सहकारी संघाच्या कचेरीत कारकून होतो. वय चोवीस. माझ्याकडे दुरुस्त्यांचं टेबल होतं. संघाचं एक जाडजूड नियमपुस्तक होतं आणि त्याची एकेक प्रत बेंबळी, उमरगा अशा सात शाखांकडे. नियम बदलले की पुस्तक काही नवं छापत नसत. टपालानं शुद्धिपत्रं यायची — अमुक नियम, तिसऱ्या ओळीनंतर हे शब्द घाला. पाचव्या ओळीतला तो शब्द काढा, त्याजागी हा वाचा. मी त्या चिठ्ठ्या कात्रीनं कापायचो, जुनी ओळ तांबड्या शाईनं खोडायचो, वर खळीनं चिठ्ठी डकवायचो, कोपऱ्यात सही करायचो आणि नोंदवहीत क्रमांक चढवायचो. आधी कचेरीतली मूळ प्रत, मग त्यासाठी मागवून घेतलेल्या शाखांच्या सात. यात एकच मोठा नियम — चिठ्ठ्या क्रमानंच लावायच्या. कारण प्रत्येक चिठ्ठी आधीची लागलेली आहे असं धरूनच ओळी मोजते. मधली एक राहिली की पुढची भलत्याच ओळीवर जाऊन बसते.

मला या कामाचा माज होता. अभिमान म्हणत नाही, माजच. माझं अक्षर सुंदर होतं आणि ते मला ठाऊक होतं. हे काम मला शिकवलं ते हेडक्लार्क अण्णांनी. धोतर पांढरंशुभ्र, बोलणं मोजकं, चूक दिसली की कपाळावर एकच आठी. मी उमरग्याहून नवा आलो तेव्हा महिनाभर त्यांच्याकडेच जेवलो. काकू मला पोरासारखं वाढायच्या. त्यांची मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात दोघंच. ‘शिवा, लाजू नको, अजून अर्धी घे,’ असं म्हणत त्या भाकरी ताटात टाकायच्या. हे लक्षात ठेवा. मी तर विसरलो नव्हतोच.

आणि सगुणाबाई. कचेरीतली झाडलोट, पाणी भरणं आणि खळ शिजवणं ही तिची कामं. बेंबळीची विधवा, पन्नाशीची, घरचे सगळे बौद्ध झालेले. माझ्या आईच्या वयाची होती, तरी मी तिला अगं-तुगंच करायचो. ती मात्र मला ‘सायब’ आणि ‘तुमी’.

खळीला गव्हाचं पीठ लागायचं. गावात माणसं रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी खात होती, बाया-बाप्ये सडकेवर खडी फोडत होते — आणि आमच्या कागदांना दर आठवड्याला गव्हाचं पीठ मंजूर होतं! पत्र्याच्या डब्यात ते फळीवर असायचं. सगुणाबाई स्टोव्हवर खळ शिजवायची आणि शिजताना चिमूटभर मोरचूद टाकायची, म्हणजे झुरळं-वाळवी पुस्तकं खात नाहीत. मोरचूद म्हणजे निळं विष, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून ते वेगळ्या बाटलीत ठेवलेलं असायचं, पिठापासून लांब.

आता माझी चूक. मोठी नव्हे, आधी छोटी. एकदा घाईत मी सोळा नंबरची चिठ्ठी लावायची विसरलो आणि सतरा नंबरची लावून मोकळा झालो. आठही प्रतींत. सोळामुळे दोन ओळी वाढणार होत्या. त्या वाढल्याच नाहीत, त्यामुळे सतरा दोन ओळी खाली जाऊन बसली. आणि नियम असा तयार झाला की, सभासद मयत झाल्यास त्याने सात दिवसांच्या आत स्वतः लेखी कळवावे. बेंबळीच्या चिटणिसानं गंभीरपणे विचारलं — मयतानं अर्ज साध्या कागदावर करायचा की छापील? सगळी कचेरी पोट धरून हसली. एकटे अण्णा हसले नाहीत.

मी काय केलं असेल? चुकलो म्हणालो? छे. मी म्हणालो, सोळा नंबरची चिठ्ठी मी लावली होती, पण खळ पातळ असते, निघून पडली असणार. आठही प्रतींतून! अण्णांनी सगुणाबाईला बोलावलं. ती पदर सावरून म्हणाली, “खळ घट्टच व्हती, सायब. पीठच पुरंना झालंय. डबा आपोआप खाली व्हायलाय, म्या काय करू?”

अण्णांनी विषय तिथंच सोडला. मला वाटलं, तिची दया आली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “गरम पाणी घे आणि सगळ्या चिठ्ठ्या सोडव. इथं, सगळ्यांसमोर बसून.” दोन दिवस मी खाली मान घालून चिठ्ठ्या सोडवत बसलो. येणारा-जाणारा विचारायचा, मयताचा अर्ज आला का हो? त्या दोन दिवसांचा राग मी मनातून जाऊ दिला नाही.

पीठ कोण नेतं, हे मी मनाशी ठरवून टाकलं. ठरवून टाकलं — शोधलं नाही. सगुणाबाई. पुरावा काय? ती गरीब, आणि ती त्या वस्तीतली. एवढ्यावर माझं भागलं. आमच्या लिंगायत वाण्याच्या घरात तिच्यासारख्यांना पाणी वरून ओतायचे, आणि मी सहकाराच्या कचेरीत बसून समतेची परिपत्रकं डकवत होतो. तिला चोर म्हणून पकडलं की खळ पातळ असल्याची माझी थाप खरी ठरणार होती. मला तेवढंच पाहिजे होतं.

रविवारी घरी उमरग्याला गेलो. वडिलांच्या दुकानात मोरचूद असायचंच. खलात घालून मी ते इतकं बारीक कुटलं की निळेपणा जवळजवळ गेला. सोमवारी सगळ्यांच्या आधी कचेरीत येऊन ते पिठाच्या डब्यात कालवलं. कोरड्या पिठात. जी नेईल तिची आतडी पिळवटतील, मग बोंबलत येईल — असं मनात म्हणालो. हसलोसुद्धा बहुतेक.

मंगळवारी तिनं खळ शिजवली आणि भांडं घेऊन माझ्याकडे आली. “सायब, आज खळ लईच निळी झालीया. म्या तर रोजच्याइतकंच टाकलं व्हतं.” मी मान वर न करता म्हणालो, तुझ्याच हातनं जास्त पडलं असेल. तिनं ते मान्य केलं. बुधवार गेला, गुरुवार गेला. ती ठणठणीत. जी बाई नेहमी स्वतःच्या हातानं ते पीठ भिजवते, ती असल्या पिठाला फसेल कशी? फसणार तो, ज्यानं खळीचं पीठ कधी स्वतः भिजवलेलं नाही. एवढी साधी गोष्ट चोवीस वर्षांच्या हुशार कारकुनाला कळू नये?

शनिवारी दुपारच्या सुट्टीत मी पान खाऊन जरा लवकर परतलो. खिडकीतून पाहिलं. अण्णा फळीजवळ उभे होते. डब्याचं झाकण उघडं, आणि ते हातानं पीठ पिशवीत भरत होते. घाईघाईनं, मान पुन्हापुन्हा दाराकडे वळवत. धोतरावर सांडलेलं पीठ त्यांनी झटकलं, मग वाकून फरशीवरचंही गोळा केलं.

मी एक हाक मारली असती तर? ‘अण्णा, ते नका नेऊ.’ चारच शब्द. मी मारली नाही. भीती होती का? होती — डब्यात काय आहे हे मला कसं माहीत, ते सांगावं लागलं असतं. पण भीती नंतर आली. आधी, अगदी पहिल्यांदा, मला बरं वाटलं. गरम पाण्यात चिठ्ठ्या सोडवायला लावतोस काय, भोग आता. मी भिंतीआड सरकलो आणि ते निघून जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो. काकू आठवल्या नाहीत असं म्हणेन तर ते खोटं होईल. आठवल्या. थोडं पोट बिघडेल, दुसरं काय, असं म्हणून मी आत जाऊन कामाला लागलो.

सोमवारी अण्णा आले नाहीत. काकू सरकारी दवाखान्यात होत्या. नंतर कळलं ते असं — मळताना कणीक निळसर दिसली तेव्हा त्यांना वाटलं, मिलो तांबडी निघते तसं हेही पीठ असंच काहीतरी असेल. अण्णांना दोन घास कडवट लागले म्हणून त्यांनी ताट सारलं. गव्हाची चपाती टाकवेना म्हणून काकूंनी त्यांचीही खाल्ली. दवाखान्यात उलटी-जुलाबाची माणसं व्हरांड्यापर्यंत झोपलेली होती, त्यातलंच एक दुखणं म्हणून कुणी खोलात शिरलं नाही. गुरुवारी काकू गेल्या. मी खांदा दिला.

इथवर तरी तुम्ही म्हणाल, पोरवय होतं, डोकं फिरलं होतं. थांबा. खरं सांगायचं ते अजून पुढेच आहे.

काकूंचे दिवस झाल्यावर एका दुपारी अण्णांनी मला घरी बोलावलं. दार लावून घेतलं आणि तो ताठ माणूस माझ्यासमोर लहान मुलासारखा रडायला लागला. “शिवा, पीठ मी नेत होतो. ही मला घालायची आणि स्वतः पाणी पिऊन निजायची. मला बघवेना.” मग डोळे पुसून म्हणाले, “पण त्या बाईनं ओळखलं रे. तिनं मोरचूद कालवून ठेवलं. पोलिसात जाऊ तर मीच चोर ठरतो. तूच सांग, तिच्याशिवाय दुसरं कोण असेल?”

त्यांनी स्वतःची चोरी माझ्यापुढे उघडी केली होती. मला फक्त तोंड उघडायचं होतं. आणि मी उघडलंही. म्हणालो —

“तीच, अण्णा. मी तिला डब्यात कालवताना पाहिलं.”

कुणी विचारलं होतं, तू पाहिलंस का? ‘असेल’ म्हणून सुटता आलं असतं. गप्प बसूनही भागलं असतं. पण अण्णांच्या मनात कधी दुसरं नाव येऊ नये म्हणून मी पक्कं काम केलं. चिठ्ठी डकवल्यावर कडा अंगठ्यानं दाबायच्या, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

विषाचं नाव न काढता तिला पीठचोर म्हणून कामावरून काढायचं, असं आमचं ठरलं. कागद मीच लिहिला, माझ्या सुंदर अक्षरात. ‘खळीचे पीठ मी वेळोवेळी घरी नेले. चोरी मला मान्य आहे. यापुढे कामावर माझा हक्क नाही.’ खाली साक्षीदार म्हणून माझी सही. दुसऱ्या दिवशी सगुणाबाई झाडून, पाणी भरून, खळ शिजवून झाल्यावर अण्णांनी तो तिच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. तिला अक्षरओळख नव्हती. ती कागद घेऊन सरळ माझ्याकडे आली. कचेरीत माझ्यावरच तिचा जास्त विश्वास होता का? मला माहीत नाही. “सायब, काय लिवलंय, वाचा की जरा.”

मी वाचलं. ओळीवर बोट फिरवत, सावकाश. दुष्काळामुळे संघाचं काम कमी झालेलं आहे, म्हणून सगुणाबाईंचं काम तात्पुरतं बंद. पाऊस पडला की त्यांना परत बोलावण्यात येईल. एरवी अगं-तुगं करणारा मी, ते खोटं वाचताना मात्र ‘सगुणाबाईंचं’ म्हणालो. तिचा चेहरा उतरला, पण तिनं मान हलवली. मी शाईचा पॅड पुढे केला. तिचा अंगठा मीच धरला आणि जागेवर टेकवला.

“पाऊस पडल्यावर बोलवताल न्हवं, सायब?”

निरोप पाठवतो म्हणालो. ती सडकेवर खडी फोडायला गेली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. ती बेंबळीहून आली. मी शिपायाला सांगितलं, सायब नाहीत म्हण. ती परत आली, मी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा मात्र ती दारातून हलेना, तेव्हा खुद्द संघाच्या सचिवांनी फाईल मागवली आणि भरल्या कचेरीत तिच्यावर ओरडले — चोर आहेस तू, तूच अंगठा दिलायस, कुठल्या तोंडानं काम मागतेस? अण्णा आपल्या टेबलाशी होते. त्यांनी मान वर केली नाही. तिच्या बोटांना खडीनं भेगा पडल्या होत्या. ती सगळ्यांच्या मधून चालत माझ्या टेबलापाशी आली.

“सायब, त्या कागदात असं लिवलं व्हतं व्हय?”

सगळे माझ्याकडे पाहत होते.

“हो,” मी म्हणालो. “तुला सगळं वाचून दाखवलं होतं मी.”