लाल फडक्याचा कोपरा

आमच्या धाकट्या दिरांना बाजारात सगळे फुंकरभाऊ म्हणतात. खरं नाव विचारलंत तर शेजारचा रंगारीसुद्धा डोकं खाजवेल. सायलेन्सरची कुठलीही नळी गाडीला लावायच्या आधी ते तिच्या एका टोकाला तोंड लावून फुंकर मारतात आणि दुसऱ्या टोकाशी तळवा धरतात. नळी लांब असेल तर तळवा माझा.

"आली का, वहिनी?"

"आली."

मगच नळी पुढे जाते. मग ती नवी कोरी, खोक्यातून आत्ता काढलेली का असेना.

"हे चहालाही फुंकर मारतात," रंगारी म्हणतो, "आणि तोही गार झालेल्या."

भाऊजी हसतात, बोलत नाहीत. त्यांना बोलणं जपून वापरायची सवय आहे, कारण लहानपणी श्वासच जपून वापरावा लागला. त्यांना दमा होता. सासूबाई सांगायच्या, पोराला उशांना टेकवून बसवायचं आणि पाठीला कान लावून ऐकत राहायचं, शिट्टी वरून येते की खालून. हळूहळू पोरगाच आपलं आपण ऐकायला शिकला. "बारीक वाजायला लागलं की समजायचं, दार लोटत आलंय," असं भाऊजींनी मला एकदा सांगितलं होतं. बाकीची मुलं मैदानात धावायची तेव्हा हे मैदानापलीकडच्या सायलेन्सरच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. तिथल्या म्हाताऱ्या वेल्डरने त्यांना हाताशी घेतलं. घरात गहजब झाला. दम्याच्या माणसाने धुराचा धंदा करायचा म्हणजे आगीतून फुफाट्यात, असं सासूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या. भाऊजींनी छताला दोन मोठे पंखे लावले, वेल्डिंग करताना नाकावर जाड मुखवटा बांधला आणि धंदा केला.

त्याच गाळ्याच्या पुढच्या भागात माझं शिवणयंत्र आहे. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. मागे भाऊजींचा खड्डा, वर गाडी, खाली ते. माझे यजमान फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे दिवसभर आम्ही दोघंच. मी टाके घालते, तेही टाके घालतात, माझे दोऱ्याचे, त्यांचे आगीचे.

आणखी एक रीत त्यांची. गाडीची नळी काढली की इंजिनाकडचं जे तोंड उघडं पडतं ते लगेच फडक्याने बुजवायचं, म्हणजे एखादा नट, एखादी कपची आत पडायला नको. फडकं लालच हवं. कळकट चिंधी अंधारात विसरली जाते, लाल डोळ्यांत भरतं. त्याचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवायचं. आणि काढल्यावर फडकं बाकावर पसरून चारही कोपरे बघायचे. ही फडकी मी जुन्या पडद्यांची करते, चारी बाजूंनी दुमडून शिवते, म्हणजे सुतं निघायला नकोत.

त्या दिवशी निळी गाडी आली. इतकी बुटकी, की चालवणारी बाई उतरली ती जमिनीतून उगवल्यासारखी. केस पिकलेले, अंगात इस्पितळातला हिरवा झगा. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या त्या. मागच्या सीटवर लांबलचक खोकं. त्यात दुसऱ्या कंपनीचा सायलेन्सर, मूळ नळीपेक्षा रुंद, चकचकीत स्टीलचा.

"दोन मोठ्या गॅरेजांत जाऊन आले," बाई म्हणाल्या. "टांगायच्या टांगायच्या पट्ट्या जुळत नाहीत म्हणाले. कापून जोडायला तयार नाहीत. नळीचं काम फुंकरभाऊंकडे न्या, असं तिथल्याच एकाने सांगितलं."

"घाई आहे?"

"उद्या सकाळी शर्यतीच्या मैदानावर मोकळी सोडायची आहे. वर्षातून एकदा आम्हाला मैदान मिळतं. गेल्या वर्षी ड्युटी लागली, त्याच्या आधीच्या वर्षी आई गेली."

भाऊजींनी गाडीभोवती एक फेरी मारली. टर्बोची गाडी त्यांच्या हाताखाली यायची ही पहिलीच वेळ. आयुष्यभर टेम्पो आणि ट्रॅक्टर केले, पण टर्बोबद्दल जिथे मिळेल तिथे वाचत होते, लोकांना विचारत होते. हे काम नीट झालं तर अशा गाड्या येतील. बिघडलं तर 'टेम्पोवाल्याकडे कशाला नेली' असं जो तो म्हणेल, आणि ते चूकही नसेल.

"संध्याकाळी या," ते म्हणाले.

इंजिन गार झाल्यावर त्यांनी जुनी नळी उतरवली आणि मला हाक मारली. "वहिनी, खाली या. असं रोज बघायला मिळणार नाही."

मी पदर खोचून खड्ड्यात उतरले. त्यांनी बॅटरीचा झोत वर धरला. उघड्या तोंडाच्या आत एक चाक होतं. वाटीत मावेल एवढं. तिरक्या पाकळ्या, कडेला अगदी पातळ. भाऊजींनी एका बोटाने त्याला हलकेच ढकललं. ते फिरलं. आवाज म्हणून नाही.

"हे टर्बोचं भिरभिरं," ते म्हणाले. "इंजिनाने टाकून दिलेला श्वास जाता जाता याला फिरवतो. पलीकडे त्याच दांड्यावर दुसरं चाक आहे, ते ताजी हवा आत कोंबतं. म्हणजे टाकलेल्या श्वासाच्या जोरावर पुढचा श्वास. मिनिटाला लाखावर फेरे होतात, वहिनी."

"लाख?"

"लाखाच्या वर."

देव काही वाया जाऊ देत नाही असं माझी आई म्हणायची. मी ते झडलेल्या पानांचं खत होतं अशा गोष्टींना लावत आले होते. लोखंडाच्या पोटात, काजळीत, तेच लिहिलेलं सापडेल असं वाटलं नव्हतं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि वर आले.

भाऊजींनी तोंड लाल फडक्याने बुजवलं आणि काम सुरू केलं. नवी नळी खरंच जुळत नव्हती, एक पट्टी बोटभर बाजूला जात होती. त्यांनी ती कापली, नवी घडवली, आधी नुसते दोन टाके मारले, नळी टांगून बघितली, हलवून बघितली. "तापली की ही लांब होते," ते म्हणाले. "आत्ता घट्ट बांधली तर नंतर कुठेतरी फाटेल. तुमच्या कव्हरासारखंच, माणूस बसल्यावरचं माप धरायचं." मग पक्की शिवण मारली, नळी गार होऊ दिली, दोन्ही टोकांनी फुंकर झाली, माझा तळवा झाला. आता फक्त तोंडाला जोडायची. त्यांनी फडक्याचं शेपूट धरून ओढलं. थोडं अडलं, मग आलं.

बाकावर पसरलं. तीन कोपरे होते.

भाऊजींनी फडकं उलटं करून बघितलं. मग मला विचारलं, "हे शिवलं तेव्हा..."

"चारी कोपरे होते. याच आठवड्यात शिवलंय."

आम्ही खड्डा झाडला, नटांचा ट्रे उलटा केला, त्यांचे खिसे, माझी ओटी, सगळं बघितलं. रंगारी आवाज ऐकून आला.

"अहो, कापूसच ना तो? गाडी चालू करा, जळून राख होईल. मागून उडून जाईल, कुणाला कळणार?"

"उडून जाईलही," भाऊजी म्हणाले.

"मग?"

"आणि जळायच्या आधी चाकाच्या पाकळीत अडकला तर? लाख फेऱ्यांत नखाएवढं वजन एका बाजूला गेलं की दांडा तुटतो. त्याचे तुकडे कुठे जातील सांग."

"जाईलच असं कुठेय?"

"नाहीच ना. म्हणून तर बघायचं."

आरसा आणि बॅटरी घेऊन ते पुन्हा खाली गेले. चाक स्वच्छ होतं. पण चाकाच्या बाजूला एक झडप असते, जास्तीचा श्वास वळसा घालून सोडायला. फडकं तिच्यातच अडलं असणार, आणि तिच्यामागची वाट आरशातही दिसत नाही. भाऊजींनी एक बारीक रबरी नळी घेतली, मला झडप पान्याच्या टोकाने उघडी धरायला सांगितली, आणि आत फुंकर मारली. मग कान लावला. पुन्हा फुंकर. पुन्हा कान. फुंकून फुंकून भाऊजींची मान लाल झाली होती.

"आत आहे," ते म्हणाले.

"दिसलं?" मी विचारलं.

"नाही. वाजतंय. दार लोटत आल्यासारखं."

मी कान लावून बघितलं. मला नुसती हवा ऐकू आली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मात्र कळलं. जे ऐकायला ते उशांना टेकून शिकले, ते ऐकत होते.

तार घालून ओढायचं तर कोपरा आणखी आत जायची भीती. एकच उपाय, पूर्ण टर्बो उतरवायचा. तेलाच्या नळ्या, पाण्याच्या नळ्या, उष्णतेने कातळ झालेले बोल्ट. ते उद्याशिवाय होण्यासारखं नव्हतं. भाऊजींनी हात पुसले आणि फोन लावला.

"बाई, गाडी उद्या सकाळी मिळणार नाही. माझ्या फडक्याचा कोपरा आत राहिलाय." मग थोडं थांबून, "हो. चूक माझीच. ओढताना अडलं तेव्हा थांबायला हवं होतं."

फोन ठेवून म्हणाले, "येतायत."

रंगारी म्हणाला, "आता ऐका शिव्या."

बाई आल्या. बाकाशी गेल्या. पसरलेल्या फडक्याच्या फाटक्या कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे तुम्ही दरवेळी पसरून बघता?"

"हो."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. भीती वाटते म्हणून."

बाई थोडं हसल्या, पण डोळे गाडीकडे होते. "आमच्याकडे पोट शिवायच्या आधी आतली सगळी फडकी मोजतात. एक कमी पडलं तर शिवत नाहीत. सर्जन कितीही मोठा असो, ओरडू दे, थांबायचं." त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. "उघडा."

"उद्याचं मैदान?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"मैदान तिथेच आहे, ताई," त्या म्हणाल्या. पण ते म्हणायला त्यांना जड गेलं, ते कुणालाही दिसलं असतं. जाताना पर्समधून एक लांब, बारीक चिमटा काढून बाकावर ठेवला. "हा लागेल. आणि तुमची छाती वाजतेय. फुंकर आज पुरे."

सकाळी मी दिवा लावून निघाले तेव्हा देवाजवळ काय मागावं तेच कळेना. गाडीसाठी देवाला साकडं घालावं का? शेवटी एवढंच म्हटलं, बोल्ट तुटू देऊ नकोस.

भाऊजी प्रत्येक बोल्टला आधी आच देत, मग तेल, मग थांबत, मग पाव फेरा. पुन्हा आच. एखाद्या हट्टी पोराला समजवावं तसं. एकही तुटला नाही. दुपार कलली तेव्हा त्यांनी टर्बो दोन्ही हातांत घेऊन वर आणला, नुकत्याच जन्मलेल्या बाळाला धरतात तसा, मान सांभाळून. मी बॅटरी धरली. झडपेमागे, वळणावर, काळ्या काजळीत एक लाल ठिपका होता.

चिमटा आत गेला. बाहेर आला तो नखाएवढा कोपरा घेऊन. माझी दुमड होती त्यावर, माझे तीन टाके. एवढंसं. याने एवढं इंजिन संपलं असतं.

भाऊजींनी तो फडक्यावर आपल्या जागी ठेवला. तंतोतंत बसला. रंगाऱ्याने टोपी काढून हातात घेतली.

सगळं परत जोडून होईपर्यंत ऊन उतरलं. बाई इस्पितळातून थेट आल्या होत्या. मैदानाचं नाव त्यांनी काढलं नाही, आम्हीही नाही. त्यांनी फडकं बघितलं, कोपरा बघितला, आणि त्या भाऊजींकडे वळल्या.

"तुम्ही हे ऐकलंत," त्या म्हणाल्या. "नुसती फुंकर मारून."

"लहानपणापासूनची ओळख आहे," भाऊजी म्हणाले.

"उद्या इस्पितळात या. तुमची ती ओळखीची शिट्टी मलाही एकदा ऐकायची आहे."

"आधी किल्ली फिरवा."

"तुम्ही फिरवा."

"तुमची गाडी, तुमचा हात," म्हणत भाऊजी मागे आले, नव्या नळीच्या तोंडाशी वाकले. मग बाजूला सरकले आणि मला खूण केली.

किल्ली फिरली. इंजिन एकदा खाकरलं आणि मग खोल, भरदार आवाजात चालू लागलं. पायाखालची फरशी थरथरली, माझ्या यंत्राच्या ट्रेमधल्या सुया वाजल्या. नळीतून आधी तेलाचा थोडा निळसर धूर आला, मग तोही गेला. मी तळवा पुढे केला. ऊब आली, सारखी, न अडखळता, त्या वाटीएवढ्या चाकाला फिरवून आलेली.

"आली का, वहिनी?"

मी तळवा तसाच धरून राहिले होते. त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

"आली," मी म्हटलं.